धनपाल अण्णांचा अंगठा

निपाणीतले आमचे शेजारी धनपाल अण्णा अंगठ्यात नखी घालूनच भाकरी मोडायचे. ही नखी खरं तर गिटारच्या तारा छेडण्यासाठीची. पण हजामत करून घेताना, जैन बस्तीत देवापुढे हात जोडताना, वखारीत तंबाखूच्या पानाचा वास घेताना, ती अंगठ्यावर असायचीच. कुणी विचारलं की म्हणायचे, "आधी अंगठ्याला सवय झाली पायजे. बोटं काय, मागनं येत्यात."

दुसऱ्या महायुद्धाच्या त्या दिवसांत निपाणीत गिटार पाहिलेला माणूस विरळा. बेळगावच्या कॅम्पात बँडमध्ये वाजवणाऱ्या एका गोवेकराशी अण्णांची ओळख झाली. अण्णा साठीला टेकलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी बोरगावला दिलेली. त्याच्याकडे शिकायला ते दर रविवारी बेळगावच्या मोटारीत बसू लागले. गोवेकर गावी परतताना आपली जुनी गिटारच त्यांना देऊन गेला. सोबतची नखी शिंगाची. ती जैन माणसाला कशी चालावी? अण्णांनी करवंटी घासघासून नवी नखी केली आणि दोऱ्याने अंगठ्याला बांधली.

तिथून आमचे हाल सुरू झाले. अण्णा दिवस मावळायच्या आत जेवायचे, म्हणजे पुढची सगळी संध्याकाळ मोकळी. मी शाळामास्तर. दिवसभर पाढे घोकवून, घसा बसवून घरी यावं, तर भिंतीपलीकडे जाड तार सुरू. ढण्ण, ढण्ण. मध्येच बारीक तार किंचाळायची. शेवटी मी आणि समोरच्या गंगाक्का भांडायला जायचो.

"अण्णा, जरा दम घ्या की वो!" गंगाक्का दारातूनच ओरडायच्या.

"बसा की आक्का. या मास्तर. अंगठा अजून ऐकत न्हाय बघा," म्हणत अण्णा चहाचं आधण ठेवायचे. स्वतः मावळतीनंतर पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. गंगाक्कांचं सुनेबद्दलचं गाऱ्हाणं, माझ्या हेडमास्तरांचा जाच, सगळं मान हलवत ऐकायचे. भांडण राहूनच जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ढण्ण.

एकदा अंगात कणकण म्हणून मी दुपारीच घरी आलो. अंथरुणावर पडलो, तर पलीकडून सूर येत होते. अंगठा जाड तारेवर संथ ठेका धरून होता, बोटं बारीक तारांवर हलकेच फिरत होती. एक चूक नाही. वाटलं, गोवेकरच आला. उठून गेलो. अण्णा एकटेच खांबाला टेकून, डोळे मिटून वाजवत होते.

"अण्णा, हे तुम्हाला येतं?"

ते दचकले. "येतंय की. लई दिवस झालं."

"मग संध्याकाळी आमचा जीव का घेता?"

अण्णा नखीचा दोरा सोडत राहिले. "मधी असंच चांगलं वाजीवलं की, मास्तर. आठवडाभर वाजीवलं. गंगाक्का आली न्हाय. तुमी बी आला न्हाईसा."

तो आठवडा मी निवांत झोपून काढला होता, पलीकडे काय वाजतंय याकडे कानही दिला नव्हता. अण्णांनी माझ्या कपाळाला हात लावला. "ताप हाय तुमास्नी. जावा, पडा जावा."

संध्याकाळी ढण्ण ढण्ण सुरू झालं. अंग ठणकत होतं, उठवत नव्हतं. तरी टोपी चढवली, गंगाक्कांना हाक मारली आणि अण्णांच्या पायऱ्या चढता चढताच जमेल तेवढ्या रागाने ओरडलो, "अण्णा, काय चालवलंय हे!"