धोटेकाकांना पसंत न पडलेली बटणं

आमच्या हुडकेश्वरच्या घराशेजारचे धोटेकाका कम्प्युटरच्या पडद्यावरचं बटण डाव्या हाताच्या बोटाने दाबायचे, तेही मुद्दाम थरथरवून. उजवा हात धडधाकट. तो चहाचा कप धरून बसायचा. मला वाटलं, माणूस कामातून गेला.

काका निवृत्त प्रोग्रामर. मीही त्याच धंद्यातली आणि घरून काम करते, म्हणून त्यांचा सगळा वैताग माझ्या वाट्याला. खिडक्या, बटणं ही मांडामांड आयती करून देणारी फ्रेमवर्कं असतात. त्यातलं एक निवडायचं आणि कामाला लागायचं, इतकं सोपं. काका निवडतच नव्हते. सीताबर्डीत साडी घ्यायला गेलेली बाई परवडली. ती दुकान बंद व्हायच्या आत काहीतरी उचलते तरी.

नवं फ्रेमवर्क आणलं की एकच खिडकी, तिच्यावर ‘पाणी’ लिहिलेलं भलंमोठं बटण, आणि मग ते थरथरणारं बोट.

"हे बी गेलं," काका म्हणायचे. "याले सबुरीच नाही वं."

प्रोग्राम काकूंसाठी होता, हे मला ठाऊक होतं. लकव्यानं त्यांची वाचा गेली, उजवी बाजूही गेली. बटण दाबलं की कम्प्युटरने त्यांच्या वतीने बोलायचं, असा बेत. म्हणूनच मला राग यायचा. एकदा मी सरळ म्हटलं, "काका, तिकडे काकू तहानेल्या बसल्यात आणि तुम्ही नुसते निवडत बसलाय."

काका चिडले नाहीत. "तिचा डावा हात कापते. बोट जरासं सरकलं की या आयत्या बटणाले वाटते, बाईचं मन बदललं. मंग ते गप बसते. एकदा तसं झालं, तर तिनं हातच मागं घेतला. पुन्हा नाही लावला पोरी. अजून एकदा फसलं तं ती कायमची सोडून देईन."

मी खजील झाले. मग आम्ही दोघं मिळून शोधायला लागलो आणि बटणाची ही खोड मोडू देणारं एक फ्रेमवर्क सापडलं. आवाज माझा भरायचा, असं ठरलं. पाणी, चहा, पंखा. चौथं वाक्य काकांनी कागदावर लिहून दिलं: "लय झालं तुमचं. बंद करा ते डबडं अन् जेवाले या."

"हे तर काकूंचं," मी म्हटलं. भिंतीपलीकडून पूर्वी रोज ऐकू यायचं.

"मंग कोणाचं असन? मले दुसरं कोण रागावते? लय चूप झालं वं घर."

पडदा काकूंच्या पलंगाशी लावला. काका दाराशी उभे. काकूंचं बोट कापत कापत ‘पाणी’वरून गेलं, ‘चहा’वरून गेलं, चौथ्या बटणावर टेकलं आणि सरकलं. बटणानं या वेळी धीर धरला.

माझ्याच आवाजात काकू खेकसल्या.

दुपारचे चार वाजले होते, दोघांची जेवणं कधीच झाली होती. काका म्हणाले, "आलो, आलो," आणि निमूटपणे हात धुवायला गेले.