फुलवंताबाईंची लॉरी

पाहणीला आलेले साहेब कोल्हापूरकडचे होते, त्यामुळे चूक तशी कोणाचीच नव्हती. त्यांनी दारात उभ्याउभ्याच विचारलं, "घरात वाहन?"

"वाहन कसानं, भाऊ? एक लारी शे," फुलवंताबाई भाबडेपणाने म्हणाल्या.

नंदुरबारात लारी म्हणजे हातगाडी. मिरची बाजाराच्या कोपऱ्यावर फुलवंताबाई तिच्यावर भजी तळायच्या. साहेबांनी 'लॉरी' लिहिलं, शेजारी कंसात 'मालवाहू ट्रक' असा खुलासा केला आणि पुढच्या दाराकडे वळले.

सरकारला त्या वर्षी रेशनवरची माणसं कमी करायची होती, आणि सरकारी कामात एरवी न दिसणारी तत्परता या कामात मात्र दिसत होती. महिनाअखेरीस फुलवंताबाई पिशवी घेऊन दुकानात गेल्या, तर दुकानदार झुंबरलालशेठ म्हणाले, "तुमनं नाव कटी गयं, बाई. तुमनाकडे ट्रक शे ना!"

"ट्रक?" फुलवंताबाईंनी मागे वळून पाहिलं. न जाणो, उभा असायचा.

घरात विधवा सून जागृती आणि दोन नातवंडं होती. भज्यांवर तेल-मीठ सुटायचं. पोट भरायचं ते रेशनच्या तांदळावर. तोच बंद झाला तर काय करायचं, हे त्यांना खरोखरच सुचत नव्हतं.

रेशनच्या कचेरीतल्या कारकुनाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ट्रक नसल्याचा दाखला आणा." गाड्यांच्या कचेरीतल्या माणसाने त्यावर विचारलं, "नसलेल्या ट्रकचा नंबर काय?" दोन दिवस अशा खेपा घालून तिसऱ्या दिवशी बाईंनी लारीच ढकलत कचेरीच्या आवारात आणली. कारकून खिडकीतून वाकून चाकं मोजू लागला.

"चार आहेत हो," तो हळहळला. "चारचाकीवाल्यांना धान्य नाही. तीन असती, तर काहीतरी करता आलं असतं."

तरी माणूस वाईट नव्हता. त्याने जागेवर येऊन पाहणी करण्याचा अर्ज स्वतःच लिहून दिला. सोमवारी सकाळी साहेब लारी बघायला येणार असं ठरलं.

ही बातमी शेजारच्या सुकरामला कळली. सुकरामचंही नाव यादीतून गेलं होतं, पक्क्या घरापायी. त्याच्याकडे पक्कं म्हणावं असं सरकारनेच बांधून दिलेला संडास तेवढा होता. तो म्हणाला, "बाई, तू एकली नको उभी ऱ्हाऊ. नाव कटेल बठा लोके लई येस मी. साहेबले दखाडूत, कितला जणसना घास काढी लिन्हा ते."

सोमवारी सकाळी नावं कटलेली चाळीस माणसं मिरची बाजाराच्या कोपऱ्यावर लारीभोवती जमली. सकाळचे साहेब दुपार झाली तरी येईनात. लहान मुलं रडायला लागली, मोठी माणसं जमिनीकडे बघत बसली. शेवटी फुलवंताबाईंना राहवलं नाही. डब्यात होतं नव्हतं ते सगळं बेसन त्यांनी कालवलं आणि सगळ्यांना फुकट भजी तळून दिली.

नेमकी तेव्हाच जीप आली. घोषणा द्यायच्या होत्या, पण एकाचंही तोंड रिकामं नव्हतं. जागृतीने साहेबांच्याही हातात पुडी दिली. साहेबांनी खातखात लारीला दोन चकरा मारल्या आणि म्हणाले, "काळजी करू नका. जे पाहिलं तेच लिहीन."

आठवड्याने कागद आला. जागृतीने तो सगळ्यांसमोर वाचला. "ट्रक आढळून आला नाही."

फुलवंताबाईंनी हात जोडले. सुकरामचे डोळे भरून आले.

जागृती पुढे वाचू लागली आणि तिचा आवाज बारीक होत गेला. "तथापि, अर्जदाराचा मोक्याच्या जागी खाद्यपदार्थांचा भरभराटीचा व्यवसाय आहे. पाहणीवेळी चाळीस गिऱ्हाइके हजर होती. पदार्थांना प्रचंड मागणी असल्याचे दिसून आले. सबब, धान्य बंद ठेवावे."

फुलवंताबाई कागदाकडे बघत राहिल्या. त्यात खोटं काय लिहिलंय, हे त्यांना सांगता येईना.

सुकरामने मान खाली घातली.

"माफ कर, बाई," तो म्हणाला. "कालदिनपाईन पोटमा काही नव्हतं. नहीतं आम्ही जराखं हयूहयू, दमानं खातूत."