रिनेमच्या खाली डिलीट

विष्णुपंत सरांना फाइलचं फक्त नाव बदलायचं होतं. पण ‘रिनेम’च्या खाली अगदी खेटून ‘डिलीट’ होतं आणि सरांचा हात माउसला अजून सरावला नव्हता. क्लिक झालं आणि सरांचं अख्खं इंग्रजी आत्मचरित्र पडद्यावरून नाहीसं झालं.

“जयमाला, धाव! माझं आयुष्य गेलं गं!”

भिंगारमधला तो कॉम्प्युटर क्लास जयमालाचा. मासिकासोबत आलेल्या सीडीवरची फुकट संगणकप्रणाली तिने सगळ्या मशीनवर चढवली होती. त्या जोरावरच क्लास उभा होता. ती धावत आली.

“सर, फ्लॉपीवर नव्हतं घेतलं?”

“नाव बदलून मग घेणार होतो! अगं, पुसायच्या आधी विचारायला नको? आमच्या शाळेतला शिपाईसुद्धा फळा पुसताना ‘पुसू का’ म्हणायचा!”

निवृत्त इंग्रजी शिक्षकच ते. ती प्रणाली बनवणाऱ्यांना खरमरीत ईमेल लिहायला तिथेच बसले. “असल्यांचा पगार कापला पाहिजे.”

“पगार कुठला सर? देशोदेशीची पोरं आहेत. आपापली कामं सांभाळून हे बनवतात आणि फुकट वाटतात.”

सरांची बोटं थांबली. “फुकट? आणि मी त्यांना शिव्या घालतोय?”

मग शिव्या खोडून सरांनी भरभरून आभार मानले. शेवटी ओशाळत तीन सुधारणा सुचवल्या: रिनेम आणि डिलीट जरा लांब ठेवा, पुसण्याआधी विचारा, आणि पुसलेल्या फाइलींसाठी कचऱ्याचा डबा असलाच तर तो समोर दिसू द्या. जयमालाने नगरच्या नेट कॅफेतून ती ईमेल धाडली.

उत्तर लवकर येईना, म्हणून सर पुन्हा पहिल्यापासून टाइप करू लागले. पण अनोळखी पोरांचे आभार मानल्यापासून हाताला वेगळंच वळण लागलं होतं. पूर्वी ज्या हेडमास्तरांना पानंच्या पानं झोडपलं होतं, ते या वेळी एका ओळीत आटोपले. उलट शिकवण्या घेऊन संसार ओढणाऱ्या पत्नीवर, दमयंतीबाईंवर, अख्खं प्रकरण झालं. ते वाचायला बाई मुद्दाम क्लासवर आल्या आणि डोळे पुसू लागल्या.

तेवढ्यात जयमाला उत्तराची प्रिंट घेऊन आली. “सर, जर्मनीच्या पोरानं लिहिलंय! रोज तक्रारीच येतात, असे आभार पहिल्यांदाच आले म्हणतो. तिन्ही सुधारणा पुढच्या आवृत्तीत करणार आहेत. आणि फाइल गेलेली नाही, आत लपलेल्या डब्यात असेल!”

तिने डबा शोधून उघडला. आत जुनं आत्मचरित्र जसंच्या तसं.

“अय्या, सापडलं!” दमयंतीबाई खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या. “अहो, उघडा ना. यात माझ्याबद्दल काय लिहिलंय बघू.”

सरांना आठवलं. जुन्या पुस्तकात बाईंचा उल्लेख एकदाच होता: ‘त्याच वर्षी माझं लग्न झालं आणि घशाचा त्रास सुरू झाला.’

सरांचा हात माउसवर झेपावला. या वेळी तो जराही चुकला नाही. डब्यातून पुसलेली फाइल कायमची गेली.

“गेलं? अहो, या कॉम्प्युटरनं विचारलंसुद्धा नाही!”

“नाही ना!” घाम पुसत सर म्हणाले. “जयमाला, त्या पोरांना परत लिहू. दोनच सुधारणा करा म्हणावं, विचारायचं तेवढं राहू द्या. आणि माझ्या वतीने पुन्हा एकदा मनापासून आभार मान.”