दिसला तर लिहिला

हायमकाका अष्टमकर आमच्या पोह्यांच्या गिरणीत आले की आधी माणसं मोजत. चहा नंतर, पाणीसुद्धा नंतर. रोह्याहून एसटीनं पेणला उतरायचं, काखेत छत्री, हातात रेक्झिनची पिशवी, आणि अंगणात उभं राहून हजेरीपटावरचं एकेक नाव मोठ्यानं पुकारायचं. ज्याचं नाव, त्यानं समोर येऊन तोंड दाखवायचं. एकदा आमचा भट्टीवाला संडासात होता. मी म्हटलं, "काका, आहे तो. लावा हजेरी." काकांनी पेनाला टोपण लावलं आणि तिकडे बघत उभे राहिले. "दिसला तर लिहिला," म्हणाले. भट्टीवाला बाहेर आला तेव्हा अख्खी गिरणी त्याची वाट बघत होती. पुढे काका यायच्या दिवशी तो बिचारा सगळं घरूनच उरकून येऊ लागला.

काका आमचे हिशेबनीस. आमचे म्हणजे वडिलांच्या वेळेपासूनचे, त्यामुळे मी मालक असलो तरी त्यांच्यालेखी विनूच. पेणचे गणपती कारखानदार, आम्ही गिरणीवाले, रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांतले लहान ठेकेदार अशी आम्हा किरकोळ मंडळींची वही त्यांच्याकडे असे. शनिवारी मात्र ते पेनाला हात लावत नसत. ते ज्यू होते. शनिवार त्यांचा विसाव्याचा दिवस. बाकी सहा दिवस विसावा आम्हालाही मिळत नसे.

फेब्रुवारी लागला की त्यांच्या अंगात मार्चएंड संचारायचा. बँकेचं पासबुक वहीशी ताडून बघा. कामगाराच्या पगारातून कापलेला प्रोफेशन टॅक्स महिन्याच्या महिन्याला भरा, कारण "कापलेला पैसा तुझा नाय विनू, तो तुझ्याकडं वस्तीला आलाय." उचल दिली तर चिठ्ठी करा. घरातला नारळ गिरणीच्या खर्चात घालू नका. हे शेवटचं ते माझ्या आईला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत.

आमच्या शेजारच्या कारखानदाराचं म्हणणं असं, की गणपतीवाल्यांचं वर्ष अनंत चतुर्दशीला संपतं. काका म्हणाले, "तुझा गणपती भादव्यात बुडतो. सरकारचा एकतीस मार्चला." आणि फळीवरच्या अर्धवट मूर्ती मोजायला लावल्या. तो कुरकुरला, "अजून डोळे आखले नायत काका. देव नाय झाला, तर मोजू कसा?"

"देव नाय झाला तोवरच मोजून घे. झाल्यावर त्याला माल म्हणायची हिंमत हाय का तुझी?"

कारखानदार मुकाट्यानं फळीवर चढला.

काकांपुढं उभी राहिली ती एकटी हिराबाई. खाडीकाठच्या गावाहून ती आमच्याकडे पोहे पाखडायला यायची. मिठागरं सुरू झाली की ती मिठावर जायची आणि तिच्या जागी तिची जाऊ सोनी गिरणीत यायची. नाव हिराबाईचंच चालू. त्या गावात हा रिवाजच होता, कामावरची जागा माणसाची नव्हे तर घराची. माझ्या वडिलांनी तो चालवून घेतला आणि मीही. काकांनी "हिरा" म्हणून पुकारलं आणि सोनी पुढं आली, तेव्हा त्यांनी पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी खुद्द हिराबाई मिठाचे पाय घेऊन भांडायला हजर. "घर एकच हाय काका. मी नाय त सोनी हाय. काम थांबलाय का कुठं?"

"काम नाय थांबला गो. पण पीएफ तुझ्या नावावर, आणि घाम सोनीचा. उद्या ती म्हातारी झाली, पैसं मागायला गेली, तर ऑफिसात काय सांगल? मी हिरा हाय?"

सोनीनं यावर कधी विचार केला नव्हता. मीही केला नव्हता. हजेरीपटावर दोन नावं झाली. हिराबाईला पटलं, पण हरलेलं तिला आवडलं नाही. जाता जाता म्हणाली, "तुमच्या मशिदीत पण असाच हाय का? एक नाय आला त दुसऱ्याला बसवत नाय?"

त्यांच्या प्रार्थनाघराला आमच्याकडे सगळे मशीदच म्हणत. काका चष्मा पुसत बसले. "नाय गो," म्हणाले. "तिथं बी नाय चालत."

त्यांचा भाऊ, बहिणी, शेवटी एकुलता मुलगासुद्धा इस्रायलला गेला होता. मुलगा दरवर्षी बोलवायचा आणि काका दरवर्षी कळवायचे, "मार्चएंड होऊ दे, मग बघू." मार्चएंड झाला की रिटर्न भरायची असायची, मग गणपतीचा हंगाम, मग पुन्हा मार्चएंड. आम्ही हसायचो. म्हाताऱ्याला पोरापेक्षा वही प्यारी, असं मीही चारचौघांत बोललो आहे.

काकू जाऊन काही वर्षं झाली होती. दरवर्षी त्या गेल्या त्या तिथीला काका प्रार्थना ठेवत, आणि मलिद्यासाठी पोहे आमच्या गिरणीतून नेत. मलिदा म्हणजे पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. एका वर्षी तो दिवस त्यांच्या पंचांगाप्रमाणे नेमका एकतीस मार्चला आला. मला वाटलं, या वर्षी तरी त्यांच्याकडून पैसे नकोत. सकाळीच पाच किलो काढून पिशवी कपाटाआड ठेवली.

दुपारी स्टॉक मोजला तर पाच किलो कमी. काकांनी पोती पुन्हा वजनाला लावली. मग तिसऱ्यांदा. मी गप्प होतो, म्हटलं कंटाळतील. कंटाळणारा माणूस असता तर प्रश्नच नव्हता. रोह्याची गाडी निघून गेली, तेव्हा मी पिशवी काढून दाखवली.

"फुकट देणार होतास?"

"काकूंसाठी, काका."

त्यांनी पिशवी काट्यावर ठेवली. मग बिल करायला लावलं, पैसे मोजले, स्टॉक जुळवला, सही ठोकली. "चल, आता काढ स्कूटर," म्हणाले. त्यांच्यात सूर्य बुडाला की दिवस संपतो, प्रार्थना त्याआधी व्हायला हवी. नागोठण्यापर्यंत काकांची नजर खाली उतरणाऱ्या सूर्यावर.

रोह्याच्या प्रार्थनाघरात पोचलो तेव्हा मंडळी जमली होती, सगळे पिकल्या केसांचे. काकांनी टोपी घातली आणि एकेकाकडे बघत काही पुटपुटले. आमच्या अंगणात बोट रोखून माणसं मोजणारा हा माणूस इथं बोट उचलत नव्हता. शेजारी उभ्या एका आजोबांनी मला समजावलं. माणसं आकड्यानं मोजू नयेत अशी त्यांची रीत. दहा शब्दांचं एक वचन म्हणायचं, माणसागणिक एक शब्द. वचन पुरं झालं की त्यांच्यातले दहा पुरुष भरले. ते भरल्याशिवाय गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना म्हणताच येत नाही.

काका शेवटच्या शब्दापाशी थांबले होते.

"दहावा आमचा बिन्यामिन, तो धाटावला कामावर अडकलाय," आजोबा म्हणाले. "बदलीवाला आला नाय." आणि बदली आल्याशिवाय गेट सोडायचं नाही, हा नियम त्याच्या ठेकेदाराला घालून दिला होता काकांनीच.

मी म्हटलं, "काका, मी बसतो टोपी घालून. कोणाला कळणार आहे?"

ते हसले. "दिसतोयस रे तू. पण लिहिता येत नाय." मग कोणाला उद्देशून नव्हे असं म्हणाले, "मी तिकडं गेलो असतो, तर हे इतकेसुद्धा नसते उरले. आणि मुलगा तिकडं प्रार्थना म्हणतोच तिच्यासाठी. पण ती हाय इथं, अष्टमीच्या मातीत."

तेव्हा मला त्यांचा मार्चएंड कळला. आपण काय काय बोललो होतो ते आठवून मान वर होईना. मी धाटावकडे स्कूटर काढली.

ठेकेदार ड्रम भरत होता. काकांचं नाव ऐकताच बिन्यामिनच्या जागी स्वतः उभा राहिला. "जा रे, घेऊन जा. हजेरी मी पूर्ण दिवसाची लावतो."

परतलो तेव्हा आभाळ लाल होतं. मंडळी तशीच उभी होती, काका दाराकडे तोंड करून. बिन्यामिन कंपनीच्या कपड्यांतच आत शिरला. काकांनी त्याला नखशिखान्त पाहिलं.

"हजेरी?"

"पूर्ण लावतो म्हणाला."

"अर्धी. उद्या येऊन मी कापतो."

बिन्यामिननं मान डोलावली आणि ओळीत जाऊन उभा राहिला. काकांनी वचन पुन्हा सुरुवातीपासून घेतलं, एकेका चेहऱ्यावर थांबत, सावकाश. बिन्यामिनपाशी आले तेव्हा एकच शब्द उरला होता. तो त्यांनी मोठ्यानं म्हटला, अंगणात नाव पुकारावं तसा.