जोगकाका माणसं मोजत नाहीत

आमच्या शनिवार पेठेतल्या सोसायटीतले जोगकाका मंडईत भेंडी घ्यायला जाताना खिशात व्हर्नियर घेऊन जातात. व्हर्नियर म्हणजे अकरावीच्या प्रयोगशाळेत ज्याने आपण तारेची जाडी मोजली आणि चुकीची मोजली, तेच ते पोलादी पट्टीचं हत्यार. काका एकेक भेंडी त्याच्या जबड्यात धरतात, डोळा बारीक करतात आणि "चौदा. पास," किंवा "अठरा. जून. रिजेक्ट," असं म्हणत डावी-उजवीकडे ठेवतात. एकदा भाजीवाल्या मावशी वैतागून म्हणाल्या, "अहो काका, भाजी करायचीय का लग्न लावायचंय तिचं?"

"लग्न असतं तर एवढं बघितलं नसतं," काका म्हणाले आणि त्यांनी पुढची भेंडी उचलली.

भोसरीच्या एका कारखान्यात काका छत्तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. नोकरी संपली, इन्स्पेक्शन संपलं नाही. ते काकूंच्या पोळीची जाडी मोजतात, चकलीच्या वेढ्यांमधलं अंतर मोजतात. आमच्या पुतण्याच्या लग्नात त्यांनी पंगतीत जिलबी मोजायला घेतली, तेव्हा केटररला ते सरकारी अधिकारी वाटले आणि आमच्या पानात मठ्ठा दोनदा आला.

"ड्रॉइंग बघितलंत का?" हा त्यांचा आवडता प्रश्न. कारखान्यात प्रत्येक जॉबचं, म्हणजे प्रत्येक सुट्या भागाचं, एक ड्रॉइंग असतं. तो केवढा हवा, थोडा कमीजास्त झाला तर कितपत चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. ते न बघता मोजणं म्हणजे काकांच्या मते शुद्ध आचरटपणा. नवी पँट कमरेत घट्ट शिवली म्हणून मी शिंप्याला नावं ठेवत होतो, तर काकांनी वरपासून खालपर्यंत माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ड्रॉइंग बघितलंत का? पँट बरोबर आहे. जॉब बदललाय."

एवढा मोजणारा माणूस, पण सोसायटीतली मुलं दंड फुगवून "आजोबा, माझा मोजा ना!" म्हणाली, की काका व्हर्नियर खिशात टाकतात. "माणसं मोजत नाही," म्हणतात आणि चालू लागतात. आम्हाला तो तुसडेपणा वाटायचा. आमच्या पेठेत त्याचा तुटवडा नसल्यामुळे कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

आता माझ्या मुलीकडे येतो. मृण्मयी पंधरा वर्षांची आहे आणि खो-खो खेळते. जूनमध्ये तिच्या क्लबात नवे ट्रेनर आले आणि त्यांच्याबरोबर एक काचेचा वजनकाटा आला. त्यावर अनवाणी उभं राहिलं की शरीरात किती टक्के चरबी आहे ते दिसतं. मृण्मयीचा आकडा आला तेवीस. तिच्याच वयाच्या ओमचा आला अकरा. त्या संध्याकाळी बाईसाहेबांनी जाहीर केलं, "मला अकरावर यायचंय."

आमच्या घरातून आधी तूप गेलं, मग शेंगदाण्याची चटणी, मग पोळी. ती काकडी खाऊन सरावाला जायची आणि भिंत धरून जिना चढायची. पूर्वी खांबाला वळसा घालून निसटणारी मुलगी आता पहिल्या मिनिटाला बाद व्हायला लागली. मी ओरडलो, तिची आई रडली, काही उपयोग झाला नाही. दोन महिने तिची पाळी आली नाही, तेव्हा आम्ही डॉक्टरीणबाईंकडे धावलो. त्यांनी स्वच्छ सांगितलं, "तेवीस छान होतं. या वयात मुलींच्या अंगात मुलांपेक्षा जास्त चरबी असायलाच हवी. हाडं, पाळी, वाढ, सगळं त्यावर चालतं. तिला जेवू द्या." मृण्मयीने मान हलवली आणि घरी येऊन काकडी सोलायला घेतली. मला खरंच भीती वाटली.

जिन्यात काका भेटले. मी सगळं सांगितलं. आता "ड्रॉइंग बघितलंत का?" येणार म्हणून मी तयार होतो. पण काकांनी हातातली पिशवी पायरीवर ठेवली. मग म्हणाले, "आधी त्या मशीनचं इन्स्पेक्शन."

दुसऱ्या दिवशी सकाळी वयाच्या बहात्तराव्या वर्षी हाफपँट घालून काका क्लबाच्या मैदानावर हजर. ते काट्यावर उभे राहिले. सव्वीस. उतरले, पाय धुतले, ओल्या पायांनी उभे राहिले. एकवीस. तांब्याभर पाणी प्यायले, उभे राहिले. चोवीस. मग कोपऱ्यावर जाऊन मिसळ खाल्ली, आले, उभे राहिले. सत्तावीस. पोरांनी सराव सोडून भोवती कोंडाळं केलं. शेवटी काकांनी मशीनमधलं स्वतःचं वय बदलून सोळा केलं, तेव्हा मशीनने एकोणीस सांगितलं आणि वर हसरा चेहरा दाखवला.

"काका, मशीन इम्पोर्टेड आहे," ट्रेनर कळवळून म्हणाले.

"असेल. चूकही तिकडचीच आहे," काका म्हणाले. खिशातून त्यांनी कारखान्यातला जुना लाल टॅग काढला आणि काट्याला बांधला. रिजेक्ट.

सगळी हसली. मृण्मयी हसली नाही. "पण आजोबा, ओमचं माझ्यापेक्षा कमी आहे हे तर खरंय ना?"

"खरंय. त्याचं ड्रॉइंग वेगळं आहे, तुझं वेगळं आहे." काका तिच्या शेजारी पायरीवर बसले. "एका जॉबच्या ड्रॉइंगवर दुसरा जॉब तपासून चांगला माल रिजेक्ट करणारा इन्स्पेक्टर मी आयुष्यात एकच पाहिला."

"कोण?"

"मी."

काकांची मुलगी चारू. तीही तिच्या शाळेत धावायची. काका दर रविवारी तिच्या दंडाची चिमूट व्हर्नियरमध्ये धरायचे आणि किती मिलिमीटर ते वहीत लिहायचे. आकडा उतरला की शाबासकी. आधी चारू हसायची. मग तिने तूप सोडलं, मग भात. एका सकाळी सरावात, न पडता, न धडकता, तिच्या नडगीचं हाड तडकलं. ती पुन्हा धावली नाही.

"सगळी मापं अचूक घेतली होती," काका म्हणाले. "ड्रॉइंगच बघितलं नव्हतं."

मृण्मयी माझ्याबरोबर घरी आली. दुपारी तिने अर्धी पोळी खाल्ली, दुसऱ्या दिवशी एक. डॉक्टरीणबाईंकडे फेऱ्या चालू राहिल्या. काकू रोज डिंकाचा लाडू पाठवू लागल्या. सगळे लाडू एकाच मापाचे, हे सांगायला नकोच. दिवाळीपर्यंत आमच्या घरात पुन्हा तूप आलं आणि पुढच्या महिन्यात पाळीही आली. त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली आणि का ते कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी लाडवांचा रिकामा डबा परत द्यायला आम्ही दोघं काकांकडे गेलो. नागपूरहून चारूचा फोन आला होता. तो दर रविवारी येतो. काकू बोलतात आणि काका गॅलरीत जाऊन कुंड्यांचे व्यास मोजतात, हे मला माहीत होतं. मोजायला नवीन कुंडी नसते, तरी मोजतात. काकूंनी हौसेने फोन मृण्मयीच्या हातात दिला. "ही बघ, लाडू खाणारी!"

फोन स्पीकरवर होता. "काय गं," चारू हसत म्हणाली, "बाबा तुलाही मोजतात का?"

"छे," मृण्मयी म्हणाली. "आजोबा माणसं मोजत नाहीत. कुणालाच नाही."

काकू पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या. मग चारू म्हणाली, "बाबांना दे जरा."

मृण्मयीने गॅलरीत जाऊन फोन काकांपुढे धरला. काकांनी व्हर्नियर कुंडीच्या काठावर ठेवलं, हात शर्टाला पुसले आणि फोन दोन्ही हातांत घेतला.

"हं," ते म्हणाले. "जेवलीस का?"

मी मृण्मयीचा हात धरला आणि डबा टेबलावर ठेवून आम्ही हळूच बाहेर आलो.