जाहिरातीतली पाठ

"सून गुणाची आहे गं. फक्त तिला बाहेर टेबलाशी बसवलं की येणाऱ्याला वाटतं, आम्ही इथे पाठी वाकवून देतो."

सासूबाई फोनवर त्यांच्या धाकट्या बहिणीशी बोलत होत्या. मी पडद्यापलीकडे पेशंटच्या टॉवेलांच्या घड्या घालत होते. घड्या घालताना कुणीही वाकतंच, पण त्या वेळी मला ही सबबसुद्धा सुचली नाही.

आमच्या घरी खालच्या मजल्यावर सेइताईचा दवाखाना आहे. आमच्या कुरायोशी गावातली आखडलेली, अवघडलेली माणसं येतात. सासरे आणि माझा नवरा शुहेई त्यांना पालथं झोपवून हातांनी दाबतात, ताणतात, वळवतात, आणि ती ताठ होऊन घरी जातात. मी लग्नाआधी आठ वर्षं शेतकी सहकारी संस्थेत कॉम्प्युटरसमोर बसले होते. त्या आठ वर्षांत माझी मान पुढे गेली आणि मी तिच्या मागोमाग. दुपारचे चार वाजले की मानेतून निघालेली कळ डोळ्यामागे येऊन बसायची, ती रात्रीच्या जेवणापर्यंत मुक्कामाला. हे मी सासू-सासऱ्यांना सांगितलं नव्हतं.

घरात दोन जाणकार असताना सांगायला काय झालं, असं कुणीही विचारेल. पण सासऱ्यांसमोर पालथं पडायचं? त्यापेक्षा कळ परवडली. शुहेईला मात्र एकदा सांगून पाहिलं होतं. दिवसभरात अकरा पाठी दाबून आलेल्या त्या माणसानं माझ्या खांद्यांवर दोन्ही अंगठे ठेवले आणि बसल्या बसल्या झोपी गेला. त्याची झोप मोडू नये म्हणून मी अर्धा तास हलले नाही. (कळ वाढली.)

तर फोनवरचं ते वाक्य ऐकल्यावर मी ठरवलं, की गुपचूप सरळ होऊन दाखवायचं. दर बुधवारी विणकामाचा वर्ग लावलाय असं घरी सांगितलं आणि तासभर ट्रेननं योनागोला जाऊ लागले. स्टेशनजवळ एक नवं सेइताई केंद्र निघालं होतं, काचेचं दार आणि हळू आवाजात पियानो. शंका नको म्हणून पिशवीत एक मफलर ठेवला होता. सहा आठवड्यांत तो चार बोटं वाढला. सासूबाईंनी एकदा तो उचलून पाहिला आणि म्हणाल्या, "सावकाश शिकवतात वाटतं."

तिथे उपचार करणारे ओनुकी माझ्यापेक्षा लहान असतील. पहिल्याच दिवशी त्यांनी नोंदीसाठी माझे फोटो काढले, एक बाजूनं, एक मागून. मग मला उताणं झोपवलं, डोळ्यांवर टॉवेल घातला, माझं डोकं दोन्ही तळव्यांत उचललं आणि म्हणाले, "आता हे वजन माझ्याकडे द्या." मला देताच येईना. लग्नाला पाच महिने झाले होते आणि एवढ्या दिवसांत मी कशाचंच वजन कुणाकडे दिलं नव्हतं. बऱ्याच वेळानं मान सुटली. टॉवेलखाली थोडं पाणी आलं, ते टॉवेलनंच टिपलं. त्या दिवशी चार वाजून गेले ते मला कळलंच नाही.

म्हणून सहाव्या बुधवारी ओनुकींनी विचारलं, तेव्हा माझी पंचाईत झाली.

"जाहिरातीच्या कागदासाठी तुमचे 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो वापरले तर चालेल का? नाव नाही. डोळ्यांवर काळी पट्टी."

ज्यानं दीड महिना आपलं डोकं उचललं त्याला नाही कसं म्हणायचं? मी नाही म्हणायलाच तोंड उघडलं होतं, पण त्यातून "माझ्यासारखीचा काही उपयोग होणार असेल तर" असं काहीतरी बाहेर पडलं. ओनुकींनी मला भिंतीशी उभं केलं.

कागद फक्त योनागोत वाटायचे होते. पण शनिवारी सकाळी त्यातला एक आमच्याच वर्तमानपत्रातून घडीसकट खाली पडला, सासऱ्यांच्या भाताच्या वाडग्याशेजारी.

आता इथे एक सांगायला हवं. माझे सासरे माणसांना चेहऱ्यानं ओळखत नाहीत. बाजारात कुणी समोरून वाकून नमस्कार केला तर गोंधळतात. तो वळून चालू लागला की म्हणतात, "अरे, हा तर निशिओ. कंबर पुन्हा गेली याची." अशा घरात डोळ्यांवरच्या काळ्या पट्टीचा काय उपयोग? माझी पाठच तेवढी त्यांनी नीट पाहिलेली नव्हती. सुनेकडे टक लावून पाहायचं नाही म्हणून मी चहा आणला की ते चहाकडे बघतात.

त्यांनी चष्मा लावला. "डावीकडचा फोटो खरा आहे," ते म्हणाले. "उजवा खांदा वर. मान पुढे. कंबर मागे राहिलीय. बिचारी."

कागद शुहेईकडे गेला. मी वाट्यांतल्या सूपकडे बघत बसले. नवऱ्याला तर ओळखू येणारच, मग तो काय म्हणेल, कुणासमोर म्हणेल, याचा विचार करून माझे कान तापले.

"अडतीस-चाळीसची असेल," शुहेई म्हणाला. "उभ्यानं काम. फार सोसलेलं शरीर आहे."

(मी अठ्ठावीसची. काम बसून. आणि हा माझा नवरा.)

"उभ्यानं काम?" सासूबाईंनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. "आणि महिनाभर आपल्याकडे फिरकलेली नाही. टोफूवाल्यांची कानाए."

"असेल," सासरे म्हणाले.

"असेल काय? तीच. तीस वर्षं तिच्या आईकडून टोफू घेतोय आपण. सांगून गेली असती तर मी काय अडवलं असतं?"

मी बोलायला तोंड उघडलं. त्यात भात घातला.

त्या दिवसापासून आमच्या सूपमध्ये सुपरमार्केटचा टोफू आला. त्याला चव नव्हती, आणि ती कशानं गेली हे पंगतीतल्या एकाच माणसाला ठाऊक होतं. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. रोज कुणीतरी म्हणायचं, "चिनामी, लोणचं दे," आणि मी लोणचं द्यायची.

चौथ्या दिवशी दुपारी कानाए स्वतःच आली. हातात तळलेल्या टोफूचा डबा, अजून गरम. उंबऱ्यातच खाली वाकली.

"काकू, आमचं काही चुकलं का? आईला दोन दिवस जेवण गेलं नाही. बाबा अंथरुणावर आहेत, त्यांना उचलायचं-बसवायचं असतं, म्हणून मला महिनाभर इकडे यायला जमलं नाही."

"चुकणार काय गं?" सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या. "आम्ही पडलो जुने. शहरात काचेची दारं असतात, पियानो असतो. कुणालाही जावंसं वाटेल."

"कुठे जावंसं वाटेल?"

सासरे कागद घेऊन बाहेर आले. "पोरी, जरा भिंतीशी उभी राहा बघू."

कानाए उभी राहिली, पकडून आणल्यासारखी. मी चहाचा ट्रे घेऊन दारात पोचले होते. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. सासऱ्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा तिच्या खांद्यांकडे.

"ही नाही. हिचा डावा खांदा वर आहे. फोटोतला उजवा."

"महिनाभरात बदलला असेल," सासूबाई म्हणाल्या.

"खांदे काय निवडणुकीला उभे आहेत, बाजू बदलायला?"

कानाएनं मान वळवून कागद पाहिला आणि तिचा चेहरा पडला. "सेन्सेई," तिनं सासऱ्यांना विचारलं, "माझी पाठ एवढी वाईट दिसते?"

"छे, छे," सासरे तिला समजावत म्हणाले. "तुझी काहीच नाही. या फोटोतल्या बाईला लहानपणापासून कुणी सरळ उभं राहा म्हटलेलंच दिसत नाही."

"दया येते बघून," शुहेई आतून म्हणाला.

"पण मग आहे तरी कोण ही बाई?" सासूबाईंनी विचारलं.

कानाए अजून भिंतीला पाठ लावून उभी होती, हातातला डबा तसाच. मी ट्रे खाली ठेवला.

"कानाएताई, तुम्ही बाजूला व्हा," मी म्हणाले. "डावीकडची बाई मी आहे. उजवीकडचीसुद्धा मीच, पण तिला श्वास रोखून धरायला सांगितलं होतं."