वय बोल, बेल्ट नको बोलू

आर्वीतल्या ठोंबरे सरांच्या कराटे क्लासला नवं मूल आलं की सर आधी त्याचे दात पाहतात. नमस्कार नंतर. मूल तोंड उघडतं, सर चष्मा कपाळावर चढवतात, आत बॅटरी मारतात आणि निकाल देतात, "सात पूर्ण. आठवं लागून दोन महिने." आई आधार कार्ड पुढे करते. सर ते हातातही घेत नाहीत.

"कागद राहू द्या, बाई. दात खोटं बोलत नाई."

एका आईने एकदा विचारलं, "सर, मागची दाढ किडून राह्यली याची. तेबी काढून देता का?" सरांनी शांतपणे दवाखान्याचा रस्ता सांगितला.

क्लास भरतो तो बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये, संध्याकाळी साडेपाचला. माझं घर बरोबर समोर आहे, त्यामुळे गेली पाच वर्षं हे सगळं रोज दिसतं. शेडच्या वाशांना अजून कापसाचे तंतू चिकटलेले आहेत. मुलांनी एकदम आरोळी ठोकली की एखादा तरंगत खाली येतो. सर एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीनंतर आवाज तोच राहिला. "आठवाले, फलाट दोनवर!" फलाट म्हणजे जमिनीवर मारलेली चुन्याची रेघ.

इतर क्लासमध्ये मुलं पट्ट्याच्या रंगाप्रमाणे उभी राहतात. इथे वयाप्रमाणे. दहा वर्षांचा ब्राऊन बेल्ट आणि कमरेचा पांढरा पट्टा बांधताही न येणारा दहा वर्षांचा नवखा, दोघे एकाच रेघेवर. पहिल्या दिवशी नवख्याचा पट्टा शेजारच्या जुन्याने बांधून द्यायचा, हा नियम. कोणी छाती काढून "सर, मी ग्रीन बेल्ट" म्हणालं, की उत्तर ठरलेलं आहे.

"वय बोल, बेल्ट नको बोलू."

या पद्धतीने क्लासला स्पर्धांत पदकं कमी मिळतात. सर ते नाकारत नाहीत.

समीक्षा वानखडे ही त्यांची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. साडेआठ वर्षांची, ग्रीन बेल्ट. ती एकटी हालचाली करून दाखवू लागली की सर तोंडातली शिट्टी वाजवायला विसरत. तिचे वडील सरकारी कचेरीत आहेत. मागच्या हिवाळ्यात ते शेडमध्ये आले.

"सर, तिले बारावाल्यात टाका. वर्ध्याची स्पर्धा हाय. या लहान पोराइत राहून काय शिकन थे?"

"साडेआठची आठवाल्यातच राहीन, सायेब."

"काऊन पण? खेळते तं बाराच्यावानी!"

"खेळते. दात पाह्यले का तुम्ही तिचे?"

"सर, मी तिले दुसऱ्या क्लासले नेतो."

"न्या," सर म्हणाले आणि शिट्टी वाजवली.

दुसऱ्या दिवसापासून समीक्षा आली नाही. सरांनी नेहमीप्रमाणे रेघ मारली, मुलं उभी राहिली, मधे एक जागा सुटली. शेजारच्या मुलीने विचारलं, "सर, मी सरकू का?"

"नाई. ते सीट रिझर्व हाय."

महिनाभर ते सीट रिकामं राहिलं. त्या महिन्यात सरांची शिट्टी एकदाही चुकली नाही.

मग एका गुरुवारी, क्लास अर्ध्यावर असताना, शेडच्या दारातून एक छोटी सायकल थेट आत आली. समीक्षा उतरली. उजवी मूठ घट्ट मिटलेली. ती सरांसमोर उघडली.

"सर, पडला."

सरांनी दात हातात घेतला. चष्मा कपाळावर गेला, बॅटरी लागली. "वरचा, डावा. तिथं नाई दाखवला कोणाले?"

"कोणाले दाखवू? साऱ्या मोठ्या हायेत. बोलतबी नाईत माह्यासंगं. त्याइचे तं दातच पडत नाई!"

सरांनी दात तिच्या मुठीत परत ठेवला आणि रेघेकडे बोट केलं. ती धावत जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली. शेजारची मुलगी लगेच ओठ वर करून स्वतःची खिंड दाखवू लागली. तेवढ्यात वानखडे स्कूटरवर पोचले. हेल्मेट न काढताच ते दारात उभे राहिले. दोन मुली जीभ लावून एकमेकींना फटी दाखवत होत्या, ते त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"सर, आता एक दात पडला. नऊवाल्यात तरी टाका."

"एका दातानं होत नाई, सायेब. बसा, पाणी प्या."

वानखडे बसले. समीक्षाने हालचाली सुरू केल्या. शिट्टी वाजायची राहिली.

क्लास सुटल्यावर सर झाडूने चुना झाडत होते. हा वयाचा हट्ट कशासाठी, असं मी पाच वर्षांत प्रथमच विचारलं. गाड्यांच्या वेळा सांगाव्यात तशा आवाजात त्यांनी सांगितलं.

"माय कामाले शेतात जाये. घरी मले पाहाले कोणी नव्हतं. बाबानं चार वर्षाच्या पोराले सहाचा सांगितला अन् पहिलीत बसवला. सारे मोठे. कबड्डीत मले घेत नसत, कपडे सांभाळाले बसवत. गल्लीत गेलो का माह्या वयाचे म्हणत, हा तं शाळेतला हाय. रिटायरबी दोन वर्ष आधीच झालो." ते थोडं हसले. "साऱ्याइच्या लाइनीत उभा राह्यलो. माह्या लाइनीत कधीच नाई."

मग झाडू भिंतीला टेकवून ते माझ्याकडे वळले. "तुमचं वय बोला."

"एकसष्ट."

"खरं का शाळेतलं?"

"खरं."

"तोंड उघडा."

खालची कवळी आहे, हे मी सांगितलं. तरी त्यांनी बॅटरी मारून नीट पाहिलं.

"चालते. मीबी एकसष्टच. उद्या सकाळी सहाले येजा. एकसष्टवाल्याइचा गट हाय."

"किती जण आहेत गटात?"

सरांनी चुन्याचा डबा उचलला आणि झाडलेल्या जमिनीवर एक छोटी रेघ मारली.

"तुम्ही आले का दोन."